सोळा ओळींना एक

निवृत्त माणसाने स्वतःला काहीतरी लावून घ्यावं, असं म्हणतात. मी परसात टोमॅटो लावले.

जन्मभर शाळेत हजेरी घेतलेली, त्यामुळे रोज सकाळी टोमॅटोंची हजेरी घेणं जड गेलं नाही. तीन वाफे, बारा रोपं, सगळी हजर. फळं धरली आणि एके दिवशी पहिल्याच बाकावरच्या टोमॅटोत अळी सापडली. डोकं फळाच्या आत, उरलेला देह बाहेर. तास चालू असताना एखादा मुलगा दप्तरात डोकं खुपसून डबा खातो, अगदी तशी.

‘झेंडू लावा, त्याच्या उग्र वासाने कीड फिरकत नाही,’ हे मी इतक्या जणांकडून ऐकलं होतं की ते खरं असणारच, असं मला वाटे. नर्सरीतून फुलावर आलेली चार रोपं आणली आणि वाफ्यांच्या चार कोपऱ्यांत उभी केली. परीक्षा केंद्राबाहेर पोलीस उभे करतात तशी. त्या रात्री मी निश्चिंत झोपलो.

आठवड्याने पाहतो, तर झेंडूच्याच फुलात अळी! बंदोबस्ताचा पोलीसच कॉप्या पुरवताना सापडावा, तसं झालं. संतापून रोप उपटायला वाकलो, तेवढ्यात कुंपणापलीकडून भाजीवाल्या मावशींचा आवाज आला.

“काय करताय गुरुजी? ती तितं बसावी म्हनून तर लावत्यात की झेंडू!”

“अहो, पण तो राखण करतो ना?”

“राखन कसली? पाव्हनचार करतो त्यो. अळी तिकडं जेवायला बसली की तुमचं टमाटं वाचतंय.”

मावशींच्या शेतात टोमॅटो असतो आणि त्यात झेंडूच्या ओळीही असतात. याला त्या ‘सापळा पीक’ म्हणतात. टोमॅटो पोखरणाऱ्या अळीची आई म्हणजे एक मातकट पतंग. ती रात्री अंडी घालायला जागा शोधत फिरते आणि झेंडूची फुलं-कळ्या दिसल्या की टोमॅटोआधी तिकडे वळते. बेंगळुरूच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेने याची रीतच घालून दिली आहे. टोमॅटोच्या १६ ओळींमागे झेंडूची एक ओळ. लागवडीच्या दिवशी झेंडूचं रोप ४५ दिवसांचं हवं आणि टोमॅटोचं २५ दिवसांचं, म्हणजे दोघांना फुलं एकाच वेळी येतात. जेवणाची पंगत आणि पाहुणे यांची वेळ जुळावी लागते, तसंच हे. मी यजमानाला बोलावलं होतं, ते पाहुणे अर्धं जेवून झाल्यावर.

मग मी नेहमीप्रमाणे पुस्तकं काढली आणि मला आणखी एक गंमत सापडली. या मोठ्या, गेंददार झेंडूला बाजारात ‘आफ्रिकन झेंडू’ म्हणतात. त्याचं मूळ गाव मात्र मेक्सिकोकडचं. तिथे नोव्हेंबरच्या सुरुवातीला घरातल्या गेलेल्या माणसांच्या आठवणीत त्याची आरास करतात. आपण दसऱ्याला त्याचं तोरण बांधतो. अळीचं तर आणखीच अजब. हरभऱ्यात शिरली की ती ‘घाटे अळी’, तुरीत गेली की ‘शेंगा पोखरणारी’ आणि कापसात ‘अमेरिकन बोंडअळी’. प्रत्यक्षात ती आशिया-आफ्रिकेकडची. ब्राझीलमध्ये तिची पहिली नोंद झाली ती २०१३ साली. म्हणजे अमेरिकेचा झेंडू आफ्रिकन आणि आपल्याकडची अळी अमेरिकन. जन्मभर मुलांची नावं हजेरीपटावर बिनचूक लिहिली, त्याचं आता फारसं भूषण वाटेना.

झेंडूच्या मुळांबद्दलही बरंच ऐकलं होतं. ते खोटं नाही. त्यातून पाझरणारं एक द्रव्य जमिनीतल्या सूत्रकृमींना बाधतं. पण त्यासाठी मुख्य पिकाच्या आधी दोनेक महिने तिथे झेंडू दाट वाढवावा लागतो. चार कोपऱ्यांतल्या चार रोपांकडून ही अपेक्षा म्हणजे चार मुलांच्या लेझीम पथकाने अख्खं संचलन उरकावं, असं म्हणण्यासारखं.

पुस्तकांतल्या कोथिंबिरीच्या सल्ल्यावरून मात्र घरात तंटा झाला. कोथिंबिरीला फुलोरा येऊ दिला की त्या बारीक पांढऱ्या फुलांवर ज्यांच्या अळ्या मावा खातात अशा माश्या आणि इतर मित्रकीटक येतात. हे मी सौभाग्यवतींना उत्साहाने सांगितलं. “अहो, कोथिंबीर फुलावर गेली की तिला चव राहत नाही,” ती म्हणाली. “तुमचे मित्र आले तर आमटीत काय घालू?” अखेर वाफ्याची वाटणी झाली. अर्धी जुडी मित्रांना, अर्धी आमटीला.

मावशींनी जाता जाता सांगितलेली गोष्ट मात्र सगळ्यात महत्त्वाची निघाली. सापळा नुसता लावून भागत नाही, तो रोज रिकामा करावा लागतो. नाहीतर झेंडू अळ्यांचं बाळंतघर होतो. तेव्हापासून रोज सकाळी कान तुटलेल्या कपात साबणाचं पाणी घेऊन मी झेंडूपाशी उभा असतो आणि एकेक फूल उलगडून पाहतो. त्यामुळे टोमॅटोकडेही रोज नीट पाहणं होतं. यंदा बरेचसे टोमॅटो वाचले. श्रेय उशिरा आलेल्या चार झेंडूंचं की तुटक्या कपाचं, हे मी ठरवायला गेलो नाही.

दसऱ्याला भोकं पडलेली फुलं मागच्या दाराच्या तोरणात गेली, धड होती ती पुढच्या. संध्याकाळी सोनं द्यायला माणसं येऊ लागली. नेहमीप्रमाणे मी ओसरीवर होतो. एकाने मला गुडघ्याच्या शस्त्रक्रियेची साद्यंत हकिकत सांगितली. दुसऱ्याने विम्याची योजना समजावली. तिसऱ्याने रस्त्याच्या खड्ड्यांचा इतिहास पार पायाभरणीपासून सुरू केला. दोन तासांत स्वयंपाकघरापर्यंत एकही पोचला नाही. आतून पुऱ्या तळण्याचा आवाज निर्विघ्न येत होता.

शेवटचा पाहुणा गेल्यावर ती श्रीखंडाची वाटी घेऊन बाहेर आली.

“दमलात?”

“अगं, सगळे इथेच बसतात.”

“म्हणून तर तुम्हाला ओसरीवर लावलंय,” ती म्हणाली आणि वाटी हातात देत पुढे म्हणाली, “सोळा ओळींना एक पुरतो.”