प्रमाणपत्र मिळालं, आता गाडी सोडा!

नवी गाडी रुळावर यायला वेळ लागतो, हे मान्य. ब्रेक तपासायचे, सिग्नल तपासायचे, प्रवाशांच्या वजनाइतका भार घालून रेक पळवून बघायचा आणि शेवटी सुरक्षा आयुक्तांनी येऊन पाहणी करायची. प्रश्न माणसांच्या जिवाचा आहे, तिथे घाई नकोच. माझं भांडण आहे ते त्यानंतर वाया जाणाऱ्या दिवसांशी.

नवी मुंबई मेट्रोचंच घ्या. बेलापूर ते पेंधर, अकरा किलोमीटर, अकरा स्थानकं. भूमिपूजन झालं २०११ मध्ये. तेव्हा बालवाडीत असलेली पोरं कॉलेजच्या उंबरठ्यावर आली, तरी गाडीचा पत्ता नव्हता. अखेर जून २०२३ मध्ये सुरक्षा आयुक्तांचं प्रमाणपत्र हाती पडलं. पहिला प्रवासी मात्र गाडीत चढला १७ नोव्हेंबरला. मधले जवळपास पाच महिने उद्घाटनाचा मुहूर्त ठरण्यात गेले. शेवटी समारंभाविनाच गाडी सोडली आणि ती धावली. म्हणजे ती जुलैतही धावली असती.

त्या पाच महिन्यांत अख्खा पावसाळा होता. तळोज्यातून निघणारा नोकरदार शेअर रिक्षात चालकाशेजारी अर्धं अंग बाहेर काढून बसायचा, एका हाताने दांडी धरून दुसऱ्या हाताने डबा सांभाळायचा. त्याच्या डोक्यावर नवा कोरा, कोरडा फलाट रिकामा पडून होता.

दिघ्यातही तेच. ठाणे-वाशी मार्गावरचं दिघा गाव स्थानक बांधून तयार होतं, पण महिनोन्महिने लोकल तिथे न थांबता पुढे जात राहिल्या. स्थानक सुरू करा, म्हणून लोकांना आंदोलन करावं लागलं. ते खुलं झालं १२ जानेवारी २०२४ ला. खारकोपर ते उरण लोकलही त्याच दिवशी सुरू झाली. दोन्हींसाठी एकच मुहूर्त, आणि त्यासाठी ताटकळले रोज कामावर जाणारे लोक.

सरकार कोणाचंही असो, नियम एकच हवा. सुरक्षेचं प्रमाणपत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत गाडी प्रवाशांसाठी सुटलीच पाहिजे. नाही सुटली, तर कारण लेखी जाहीर करा. मंडप नंतर घाला, फीत नंतर कापा, पाहुणे सवडीने येऊ देत. गाडी लोकांच्या पैशातून आली आहे. तिच्यात पहिल्यांदा बसण्याचा मानही तिकीट काढणाऱ्याचाच आहे.