उघडून बघावं लागेल

भाऊकाकांना निरोप धाडावा लागत नाही. डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीत बी विंगच्या जिन्यात कुणी नुसतं पुटपुटलं, "कॉम्प्युटर चालू होत नाहीये," की सी विंगच्या तिसऱ्या मजल्यावर चष्म्याचं घर उघडल्याचा आवाज होतो. बनियनवर शर्ट चढतो, शर्टाच्या खिशात टेस्टर जातो, लेंग्याच्या खिशात स्टार स्क्रूड्रायव्हर आणि चेहऱ्यावर काळजी. ही काळजी वरवरची. आतून उकळ्या फुटत असतात.

घरात शिरताच त्यांचा पहिला प्रश्न, "बीप किती वाजल्या?"

यजमानाने मोजलेल्या नसतात. कोण मोजतं? मग काका पंखा बंद करायला लावतात, टीव्ही बंद करायला लावतात, कुकरखालचा गॅस बारीक होतो आणि सगळं घर श्वास रोखून उभं राहतं. काका बटण दाबतात. एक आखूड बीप आली तर मशिनने स्वतःची तपासणी उरकली, आत सगळं धड आहे. एक लांब आणि मागून दोन आखूड आल्या तर बहुधा डिस्प्ले कार्ड. लांब बीप थांबायलाच तयार नसेल तर रॅम. पण हे सगळं 'अवॉर्ड'च्या बायॉस चिपबद्दल; चिप 'एएमआय'ची असेल तर हिशेब वेगळा. चिप कुणाची आहे ते एरवी पडद्यावर दिसतं. पडदा तर काळा. तेव्हा काका स्क्रूड्रायव्हर बाहेर काढतात आणि जे म्हणायलाच ते आलेले असतात ते म्हणतात, "उघडून बघावं लागेल."

या युक्तिवादात फट काढता येत नाही. मी प्रयत्न केला आहे.

जमिनीवर कालचा पेपर अंथरला जातो. स्क्रूंसाठी वाटी मागितली जाते, तीही आमटीची, कोशिंबिरीची चालत नाही. मग काका खिडकीच्या लोखंडी ग्रिलला हात लावतात. अंगात स्थिर वीज असते, ती चिपला मारते, म्हणून आधी लोखंडात उतरवायची. जुलैच्या डोंबिवलीत, जिथे पापड दुपारपर्यंत चपातीसारखा होतो, तिथे अंगात स्थिर वीज साठायला माणूस कसा हवा हे मला कळत नाही. पण काका स्वतः हात लावतात, यजमानाला लावायला लावतात, आणि कुतूहलाने डोकावलेल्या आजींनाही ग्रिल धरून उभं करतात.

पुढचा तास रॅमचा. दोन्ही बाजूंच्या खुंट्या दाबून पट्टी काढायची आणि तिच्या सोनेरी दातांवरून खोडरबर फिरवायचं. हा उपाय खरा आहे. दमट हवेत त्या दातांवर थर चढतो, तो घासला की बरीच मशिनं खरोखर बोलू लागतात. अडचण एवढीच की खोडरबर घरातल्या पाचवीतल्या मुलाच्या कंपासमधलं असतं, ते काळं होऊन परत येतं आणि मुलगा भोकाड पसरतो. "बाळा, हे रबर देशकार्याला गेलं," असं काका सांगतात. मुलगा आणखी रडतो.

नंतर एसएमपीएस, म्हणजे मशिनला वीज पुरवणारा डबा. चोवीस पिनांचं मोठं कनेक्टर मदरबोर्डवरून उपटायचं, त्यातली हिरवी वायर शोधायची, शेजारच्या काळीशी जोडायची. जोडायला वहिनींच्या केसांतली यू पिन. डब्याचा पंखा गरगरला की काका मान वर करतात: "जीव आहे." पंखा फिरला म्हणजे भार पडल्यावरही 12, 5 आणि 3.3 व्होल्ट नीट मिळतील असं मुळीच नाही. काकांना हे ठाऊक आहे. पण तो क्षण त्यांचा असतो आणि वहिनींना पिन परत हवी असते, म्हणून तपास तिथेच थांबतो.

त्यांची खरी माया आहे ती मदरबोर्डावरच्या रुपयाएवढ्या सेलवर. "सीआर 2032. वीस मिलिमीटर रुंद, तीन पूर्णांक दोन जाड. नावातच माप आहे, असं प्रामाणिक नाव माणसांत सापडणार नाही." सेल संपला की मशिन तारीख विसरतं. अशाच एका मशिनने शेजारच्या घरात 1 जानेवारी 2009 दाखवली, तेव्हा काका त्या घरच्या चिरंजीवांना म्हणाले, "याच्या हिशेबाने तू अजून जन्मायचा आहेस, तेव्हा मध्ये बोलू नकोस." संपलेल्या सेलमुळे मशिन सहसा अडून बसत नाही, एफ-वन दाबलं की पुढे जातं. तरी काका सेल बदलतातच.

एफ-वनवरून आठवलं. 'कीबोर्ड सापडला नाही, पुढे जाण्यासाठी एफ-वन दाबा' या वाक्यावर सारं जग हसून मोकळं झालं आहे. काका हसत नाहीत. "त्यात काय चुकलं? कीबोर्ड लावा, मग दाबा." मशिनची बाजू घेणारा इतका निष्ठावंत माणूस मी पाहिलेला नाही.

आणि हाच माणूस ऐंशीच्या दशकात दंडाला काळी फीत बांधून बँकेच्या दारात संगणकाविरुद्ध घोषणा देत होता. तेव्हा बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांचा यांत्रिकीकरणाला कडवा विरोध होता. 1984 साली त्याच विषयावरचा रंगराजन समितीचा अहवाल आला, शाखांमध्ये लेजर पोस्टिंग मशिनं येऊ लागली आणि काकांच्या शाखेतलं मशिन एका सकाळी बंद पडलं. संघटनेने काकांना पेढे वाटायला पाठवलं. ते पेढ्यांचा पुडा हातात धरून मशिनच्या मागे गेले, ते संध्याकाळी बाहेर आले. मशिन चालू होतं. संघटनेने त्यांच्याशी महिनाभर अबोला धरला. पेढ्यांचं काय झालं, हे काका अजून सांगत नाहीत.

काकांना एकच गोष्ट सहन होत नाही: सोपा बिघाड. स्पाइक गार्डचं बटण, सैल झालेली मॉनिटरची केबल, यांचा विचारही त्यांना कमीपणाचा वाटतो. ते गाभ्यापासून सुरुवात करून बाहेर येतात, त्यामुळे भिंतीतल्या प्लगपर्यंत पोचायला रात्र होते. एकदा दुपारभर त्यांनी एका मशिनचा अवयवन् अवयव पेपरवर मांडला, शेवटी भांडी घासायला आलेल्या मावशी म्हणाल्या, "सकाळी लादी पुसताना ते लाल बटण माझ्याच हातनं बंद झालं व्हतं." सगळे काकांकडे बघू लागले. काका शांतपणे म्हणाले, "मला माहीत आहे. उघड्या मशिनला करंट नको, म्हणून मी ते तसंच ठेवलं."

हल्ली त्यांचे दिवस बरे नाहीत. बऱ्याच नव्या मदरबोर्डांवर बीपचा स्पीकरच नसतो, चार बारीक दिवे लुकलुकतात. लॅपटॉप त्यांनी एकदाच पालथा करून पाहिला, खालचे, आपल्या स्क्रूड्रायव्हरला न बसणारे चांदणीच्या आकाराचे स्क्रू बघितले आणि शिष्टाचाराने परत केला. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा आधार संपला, तेव्हा मुलं येऊन सांगू लागली, "काका, तुमच्या मशिनला टीपीएम 2.0 नाही, अकरा चढणार नाही, नवीन घ्या." काका म्हणाले, "माझ्यातही नाही. मलाही बदलणार का?" एसएमपीएस पिशवीत घालून डोंबिवली लोकल, दादरला गाडी बदलून ग्रँट रोड आणि तिथून चालत लॅमिंग्टन रोडचा इलेक्ट्रॉनिक्स बाजार, ही वारी मात्र अजून चुकत नाही.

परवा ए विंगमध्ये मशिन अडलं. काळ्या पडद्यावर पांढरी ओळ: सिस्टिम डिस्क घाला. काका पोचायच्या आधी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या त्या घरच्या पुतण्याने मागे खोचलेला पेनड्राइव्ह उपटला आणि मशिन सुरू झालं. काका दारात उभे, हातात स्क्रूड्रायव्हर. घरात विजयी हशा.

"शाब्बास," काका म्हणाले. "पण पेनड्राइव्हने का अडलं?"

पुतण्या म्हणाला, "काढल्यावर चालू झालं ना."

"ते मावशींनाही जमतं. का अडलं?"

पुतण्या गप्प. मग काका खुर्चीत बसले आणि मशिन उठल्यावर आधी कोणाचं दार ठोठावतं, क्रम कुठे लिहिलेला असतो, पेनड्राइव्ह त्यात हार्डडिस्कच्या पुढे कसा घुसतो, दार उघडून आत विंडोज सापडली नाही की मशिन पुढच्या दाराकडे न जाता तिथेच का बसून राहतं, हे सांगत गेले. चहा निवला. वहिनींनी दुसरा केला, तोही निवला. पुतण्याने फोन खाली ठेवला होता.

"आणि तो क्रम मदरबोर्डावर नेमका कुठे असतो, काका?"

काकांनी चष्मा सारखा केला. पडद्यावर विंडोज व्यवस्थित चालू होती, वहिनी विजेचं बिल भरत होत्या.

"वहिनी, तेवढं बिल भरून झालं की मशिन बंद करा," काका म्हणाले, "आणि एक जुना पेपर द्या."