नदीला वळण लावताना

पिंपरी-चिंचवडच्या वाट्याला तीन नद्या आल्या आणि तिन्ही बिघडलेल्या निघाल्या. पवना शहराच्या मधून वाहते, इंद्रायणी उत्तरेकडून, मुळा दक्षिणेकडून. पण एवढ्या नावाजलेल्या उद्योगनगरीत राहायचं कसं, हे एकीलाही कळत नाही. पवना उन्हाळ्यात हिरवीगार होते. इंद्रायणी ऐन वारीच्या तोंडावर आळंदीत पांढरी पडते. आणि मुळा जुलै २०२४ मध्ये सांगवीच्या सखल वस्त्यांत आगाऊ वेळ न घेता थेट लोकांच्या घरात शिरली. अशा मुलींना वळण लावायचं महापालिकेने मनावर घेतलं आहे. आम्ही या निर्णयाचं स्वागत करतो. स्वागत करायला आम्हाला कधीच वेळ लागत नाही.

पवनेचं तसं फार बिघडलेलं नाही. तिला जलपर्णीचा नाद लागला, एवढंच. ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेची, आणि मनासारखं खायला मिळालं की दोन-एक आठवड्यांत दुप्पट होते. खायला काय लागतं? सांडपाण्यातला नायट्रोजन आणि फॉस्फरस. ते आपण घराघरांतून प्रेमाने पाठवतो. मग जलपर्णी काढायचं कंत्राट निघतं, यंत्रं येतात, डास वाढले म्हणून आरडाओरडा होतो, आणि जूनमध्ये पाऊस येऊन सगळी जलपर्णी फुकटात वाहून नेतो. पावसाने निविदा भरलेली नसते, त्यामुळे त्याचं बिल कुणाला काढता येत नाही.

इंद्रायणीचा मामला नाजूक आहे, कारण तिच्या काठी देहू आणि आळंदी आहेत. ज्या नदीने तुकोबांच्या गाथा तेरा दिवसांनी कोरड्या वर काढून दिल्या असं आपण मानतो, तिच्यात आता साबण वर येतो. आळंदीच्या बंधाऱ्यावरून पाणी खाली आदळलं की त्यातली डिटर्जंटं घुसळली जातात आणि फेसाचे ढीग तरंगू लागतात. फोटोत हिमालय दिसतो. चौकशी केली की फेसाला बाप सापडत नाही. शहर म्हणतं, वरच्या गावांचं पाणी आहे. गावं म्हणतात, कारखान्यांचं आहे. कारखाने म्हणतात, आमच्याकडे प्रक्रिया केंद्र आहे, या, दाखवतो. ते खरंच दाखवतात, आणि पाहुणे असेपर्यंत ते चालूही असतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये पालिकेने प्रदूषणाचंही कारण देऊन कुदळवाडी-चिखलीतली भंगाराची गोदामं मोठ्या धडाक्याने पाडली. फेस मात्र जेसीबीने पाडता येत नाही.

चाकणकडच्या कारखान्यांवर मात्र निसर्गद्वेषाचा आरोप करू नये. पावसाळा आला की त्यांचे अधिकारी पांढऱ्या टोप्या घालून भामचंद्र डोंगराच्या बाजूला झाडं लावायला निघतात. ज्या डोंगरावर तुकोबांनी साधना केली असं सांगतात, त्याच्या पायथ्याशी औद्योगिक पट्टा वाढू नये म्हणून वारकऱ्यांना आंदोलनं करावी लागली ती गोष्ट वेगळी. डोंगर राहिला तर झाडं लावायला जागा राहील, हे त्यांनी व्यवस्थापनाच्या भाषेत मांडायला हवं होतं.

चिखलीलाच इंद्रायणीच्या काठी एक बंगल्यांची वसाहत होती. होती, असंच म्हणायला हवं. पूररेषा दोन असतात: पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. निळीच्या आत बांधकाम चालत नाही. ही वसाहत निळीच्या आत होती. राष्ट्रीय हरित लवादाने बंगले पाडायला आणि ५ कोटींची पर्यावरण भरपाई वसूल करायला सांगितलं, सर्वोच्च न्यायालयानेही तो आदेश उचलून धरला, आणि १७ मे २०२५ रोजी ३६ बंगले जमीनदोस्त झाले. कुणी गावची जमीन विकून, कुणी निवृत्तीचे पैसे घालून बांधलेली घरं होती ती. कायद्याने योग्यच झालं. आमची अडचण एवढीच, की बंगला अळंबीसारखा रात्रीत उगवत नाही. त्याला पाया लागतो, सळया लागतात, स्लॅबच्या दिवशी मिक्सर आणि पन्नास माणसं लागतात. हे सगळं निळी रेषा ओलांडून आत गेलं तेव्हा रेषेवर कुणीच नव्हतं का? असेल कसं! या शहरात अनधिकृत बांधकाम पाडण्यापेक्षा त्यावर शास्तीकर लावण्याची जुनी परंपरा आहे. तो कर लोकांनी बरीच वर्षं भरला नाही, आणि २०२३ मध्ये सरकारने तो माफ केला. शास्तीही नाही आणि करही नाही. उरली ती नुसती इमारत.

आता मुळेकडे येऊ, कारण खरा संस्कारवर्ग तिथे भरला आहे. वाकड ते सांगवी असा ८.८ किलोमीटरचा काठ पालिका ‘पुनरुज्जीवित’ करते आहे. त्यासाठी २०२३ मध्ये २०० कोटींचे कर्जरोखे काढले. गाळात गेलेल्या माणसाला बाजारात कुणी उभं करत नाही. गाळात गेलेल्या नदीवर मात्र गुंतवणूकदार विश्वास टाकतात, ही केवढी मोठी गोष्ट आहे.

काठावर वाळुंज, करंज, उंबर अशी झाडं होती. ती कुणी लावली नव्हती, हा त्यांचा मुख्य दोष. २०१९ मध्ये राज्याने ३३ कोटी झाडं लावायचं ठरवलं तेव्हा प्रत्येक झाडाला खड्डा होता, नोंद होती, मंत्र्यांचा फोटो होता. या वाळुंजांकडे काय आहे? नुसती मुळं. ती माती धरून ठेवतात म्हणे. त्यासाठी आराखड्यात दगडाची भिंत आहे. २०२५ च्या सुरुवातीला वाकड-पिंपळे निलखचे लोक ही झाडं तोडू नका म्हणून काठावर जमले. आमच्या परिचयाचे एक माजी नगरसेवक त्यावर कळवळून म्हणाले, “अहो, तिथं बसायला साधा बाक नाही! लोक नदीवर येणार कसे?” आम्ही म्हटलं, लोक आलेच आहेत की, साहेब. ते म्हणाले, “हे विरोधाला आलेत. आम्हाला फिरायला येणारे हवेत.”

नागरिक काठावरच्या भरावाकडे बोट दाखवून विचारतात, की हा भराव निळ्या रेषेच्या आतच आहे ना? पालिका सांगते, पात्र अरुंद होणार नाही. चिखलीच्या बंगलेवाल्यांनाही नदीने असंच काहीतरी सांगितलं असावं. पण तुलना बरोबर नाही. तिथे माणसं राहत होती, इथे माणसं चालणार आहेत. आणि पूर चालणाऱ्याला काही करत नाही, तो पळू शकतो.

मुळेची आणखी एक खोड आहे: तिला दोन काठ आहेत. डावा पिंपरी-चिंचवडचा, उजवा पुण्याचा. पुण्याची स्वतःची ४४ किलोमीटरची नदीकाठ योजना आहे, मार्च २०२२ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते भूमिपूजन झालेली. डावा काठ उचलला की पाणी बाणेर-औंधकडे बघणार, उजवा उचलला की पिंपळे निलखकडे, आणि दोन्ही उचलले की खालच्या बोपखेलकडे. सुदैवाने दोन्ही पालिकांनी आराखडे अहमदाबादच्या एकाच सल्लागाराकडून करून घेतले आहेत. पाणी घरात आलं की तक्रार कुठल्या पालिकेकडे करायची हा घोळ असेल, पण सल्लागाराचा फोन नंबर एकच असेल.

अहमदाबादचं नाव निघालं की काही शंकेखोर म्हणतात, साबरमतीच्या त्या देखण्या काठांमध्ये दिसतं ते पाणी नर्मदेच्या कालव्याचं आहे, उसनं. आपल्याकडे ती वेळ यायची नाही. आपले नाले बारमाही आहेत.