चंदनाला इंजेक्शन कशाला?

ठाण्यात नाहीतर डोंबिवलीत नोकरी आणि गावाला पडून असलेली जमीन, असा माणूस चंदनाची रोपं विकणाऱ्यांचं आवडतं गिऱ्हाईक. इतकी झाडं, इतके किलो, इतके कोटी, असं गणित मांडलं की मान डोलते. त्यात झाडाचा वेळ कुणी धरत नाही. गाभा धरायलाच दहाएक वर्षं लागतात, चांगला भरायला 25-30. मग घाई सुटते : खोडाला गिरमिटाने भोक पाडा, रसायन सोडा, गाभा लवकर धरेल.

रसायन तरी कोणतं? संशोधकांनी इथेफॉन वापरून पाहिलं, पॅराक्वाटसुद्धा. पॅराक्वाट हे तणनाशक. पोटात गेलं तर त्याला उतारा नाही, युरोपीय संघात 2007पासून बंदी आहे. जखमेभोवतीच्या पेशी मरतात, झाड बचावासाठी तिथे द्रव्यं साठवतं, लाकूड काळपट होतं. पण काळपट झालं म्हणजे तेल भरलं असं नाही, आणि पैसा तेलातल्या सॅन्टालॉल या सुवासिक घटकाला मिळतो. देवघरातलं खोड सहाणेवर उगाळून बघा. कडेचा पांढरा भाग कितीही घासा, वास नाही. पिवळट तपकिरी गाभ्याला पाण्याचे दोन थेंब पुरतात.

प्रयोगशाळेने मोजूनमापून, तेल तपासून हे जरूर करावं. शेतावर लेबल नसलेल्या कॅनमधून नको. डोंबिवलीकरांना हे मी सांगायला हवं? 2014 साली रसायनांमुळे हिरवा झालेला पाऊस त्यांनी पाहिला, 23 मे 2024ला एमआयडीसीतल्या रासायनिक कारखान्यातल्या स्फोटाने दूरवरच्या खिडक्यांच्या काचा फोडल्या. रसायन हाताळण्यातली हयगय किती महाग पडते, ते या शहराइतकं कुणाला माहीत?

शिवाय भोकातून बुरशी शिरते ती वेगळीच. चंदनचोरही गाभा बघायला असंच भोक पाडतात. त्यांचं काम आपणच का करायचं?

चंदन अर्धपरजीवी आहे. त्याची मुळं शेजारच्या झाडाच्या मुळांना चिकटून अन्नपाणी ओढतात, म्हणून सुरुवातीला बुंध्याजवळ तूर आणि पुढे करंज किंवा कडुनिंब लागतो. पाणी साचलेलं त्याला सोसत नाही. कोकणातली जमीन असेल तर आधी निचरा बघा. तोडायला 1964च्या वृक्षतोड कायद्यानुसार परवानगी लागते, तेव्हा सातबाऱ्यावर झाडांची नोंद आजच करून घ्या. आणि रोपं विकणाऱ्याला विचारायचंच असेल तर एवढं विचारा : पंचवीस वर्षं रात्रीची राखण कोण करणार?