जावयाच्या हाती होडी

सासुरवाडीत जावयाला कोणी नाही म्हणत नाही. ही प्रथा ज्याने पाडली त्याच्या घरी होडी नसावी.

माझी सासुरवाडी दिग्गीची. जोयडा तालुक्याचं हे गोव्याच्या हद्दीकडचं टोक. काळी नदी इथल्याच डोंगरात उगम पावते आणि १८४ किलोमीटर वाहून कारवारला समुद्राला मिळते. पण मे महिन्यात दिग्गीत ती धोतराचा सोगा न उचलता ओलांडावी. अशा गावात मासेमारीची होडी आली ती पिकअपमधून. बायकोचा मामेभाऊ खाली सुपा धरणाच्या पाण्यात जाळी टाकतो. गणेशगुडीचं हे १०१ मीटर उंचीचं धरण १९८७ साली पुरं झालं, जुनं सुपा त्याच्या पोटात गेलं आणि डोंगरातल्या माणसांना होड्या लागू लागल्या. मामेभावाच्या जुन्या अ‍ॅल्युमिनियमच्या होडीचा रंग पोपडे धरून उडत होता. "आमच्या भावजींनी जन्मभर शाळेत सायन्स शिकवलंय," असं मेहुणा कुठेतरी बोलून बसला, आणि होडी आमच्या अंगणात दोन ओंडक्यांवर पालथी पडली.

पोपडे काढायला पॉलिश पेपर होता. पण घासत बसणं मजुराचं काम. शिकलेल्या माणसानं रसायन वापरावं. घरात साबणासाठी आणलेला कॉस्टिक सोडा होता. तो बादलीत कालवून कुंच्यानं तळभर फासला. तळ फसफसू लागला. "बघा, रंग कसा सुटतोय!" मी म्हणालो. जमलेल्यांनी माना डोलावल्या. एवढ्यात मेहुणा विडी ओढत जवळ आला आणि माझ्यातला मास्तर जागा झाला. "विडी टाक! हायड्रोजन आहे तो!" विडी पडली, माझा मान वाढला. हायड्रोजन येतोय कुठून, हे कोणी विचारलं नाही. मीही नाही.

तो होडीतून येत होता. अ‍ॅल्युमिनियमला कॉस्टिक सोडा भेटला की सोडियम अ‍ॅल्युमिनेट तयार होतं आणि हायड्रोजन सुटतो. हे समीकरण मी पोरांच्या किती पिढ्यांकडून घोकून घेतलं असेल! न येणाऱ्याला बाकावर उभंही केलंय. बेळगावच्या हिंदाल्कोत बॉक्साइटमधला अ‍ॅल्युमिना काढतात तो कॉस्टिक सोड्यातच विरघळवून, ही कार्ल बायरची १८८८ ची पद्धत, हेही फळ्यावर आकृती काढून सांगायचो. तिथे बॉक्साइटचं जे करतात ते मी दिग्गीत होडीचं केलं.

धुऊन पाहिलं तर तळ काळाकुट्ट. आत चुलीपाशी सासूबाई लेकीला सांगत होत्या, "हिंडालियमच्या पातेल्याला सोडा लावू नये, काळं पडतं. पण जावईबापूंना कसं सांगायचं?" हळूच सांगत होत्या, म्हणजे मला ऐकू येईल इतपत हळू.

ऐकूनही माघार घेईल तो जावई कसला? काळेपणा घालवायला लोखंडी तारेचा ब्रश उचलला. रात्री वळीव कोसळला आणि सकाळी होडीभर तांबूस ठिपके. अ‍ॅल्युमिनियमला तांबडा गंज चढत नाही, हे मी सगळ्यांना ठासून सांगितलं. सगळ्यांनी ठिपक्यांकडे पाहत ते मान्य केलं. ब्रशच्या तारांचे कण पत्र्यात रुततात आणि ते गंजतात, हे रामनगरच्या गाड्या रंगवणाऱ्यानं नंतर सांगितलं. तोवर मी खिडक्यांच्या गजांसाठी आणलेला रेड ऑक्साइड फासून वर निळा ऑइलपेंट दिला होता. होडी झकास दिसत होती. पण अ‍ॅल्युमिनियमला हवा लागताक्षणी ऑक्साइडचा पातळ थर धरतो आणि त्यावर साधा रंग पकडत नाही. घासल्या घासल्या एच प्रायमर मारावा लागतो. कडक ऊन पडलं तसा माझा रंग भाकरीच्या पापुद्र्यासारखा अख्खा सुटून आला.

आता रिबीट तपासायचे. होडी सुलटी करून आत पाणी भरायचं आणि खाली कुठे ठिबकतं ते बघायचं, ही रीत मात्र खरोखरच चांगली. घरच्या बायकापोरांनी जावयाच्या शब्दाखातर कळशांवर कळशा आणून ओतल्या. पत्रा मुळात दोन मिलिमीटरही नव्हता, त्यातला काही मी सांडपाण्याबरोबर घालवलेला. ठिबकण्याचा प्रश्नच आला नाही. रिबिटांभोवती थेट धारा लागल्या. सासूबाईंनी मुकाट्यानं धारांखाली बादल्या लावल्या. मिरचीच्या रोपांना पाणी घालायचंच होतं.

होडी पुन्हा पिकअपमध्ये चढली ती रामनगरला जायला. कारागिरानं तळावरून हात फिरवला, एका रिबिटात नख घातलं, ते आरपार गेलं.

"हे काम कोणाचं?"

मेहुण्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "आला होता एक पेंटर गोव्याहून. पैसे घेऊन पळाला."

"अडाणी असणार."

"हल्ली शाळेत शिकवतात काय, कुणास ठाऊक," मी म्हणालो.