जादू ठीक आहे, पण व्याजाचं काय?

हॅरी पॉटर न वाचलेल्या माणसाचं हॅरी पॉटरबद्दलचं मत सगळ्यात ठाम असतं, आणि वाचलेल्याचं सगळ्यात लांबलचक. आमच्या घरात दोन्ही प्रकार मुबलक आहेत. चिरंजीवांचं दहावीचं वर्ष सुरू झालं तशी सातही पुस्तकं त्याच्या खोलीतून हद्दपार होऊन हॉलमधल्या टीपॉयवर आली, आणि येणारा-जाणारा पेपर चाळावा तशी ती चाळू लागला. तिथून आमच्याकडे साहित्यचर्चा सुरू झाली, ती अजून आवरलेली नाही.

पहिला मान बाबांचा. बाबा बँकेतून निवृत्त झालेले. झाडूवर बसून उडणारी पोरं, पत्रं पोचवणारी घुबडं, भिंतीत घुसून गाठायचा पावणेदहा नंबरचा प्लॅटफॉर्म, या कशावरही त्यांनी हूं की चूं केलं नाही. ते अडले ग्रिंगॉट्समध्ये. हॅरीला घेऊन हॅग्रिड जादूगारांच्या त्या बँकेत जातो, किल्ली शोधायला खिसे उलटे करतो, आणि कुत्र्याची बुरसटलेली बिस्किटं काउंटरवरच्या हिशेबाच्या वहीवर सांडतात. बाबांनी चष्मा काढला.

“लेजरवर बिस्किटं! आमच्या वेळी चहाचा डाग पडला तरी मेमो निघायचा. आणि खातेदार अकरा वर्षांचा, मायनर. सख्खी मावशी हयात आहे. किल्ली कोणाकडे? तर शाळेच्या राखणदाराकडे!”

“बाबा, जादूची गोष्ट आहे ती.”

“असू दे ना जादू. पोराचे आईबाप जाऊन दहा वर्षं झाली. दहा वर्षं सोनं नुसतं पडून आहे. व्याज कुठंय?”

मी म्हटलं, ते खातं नसेल, लॉकर असेल. तर म्हणाले, मग भाडं कोण भरत होतं?

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, लेखिकेकडेही असेल असं वाटत नाही. पुढे एका गॅलियनचे सतरा सिकल आणि एका सिकलचे एकोणतीस नट, हे कोष्टक आल्यावर बाबांनी एका गॅलियनचे ४९३ नट हे तोंडी काढून दाखवलं आणि वर ऐकवलं, की आपण १९५७ साली दशमान नाणी आणून या कटकटीतून सुटलो. इंग्रजांना त्यासाठी १९७१ उजाडावं लागलं, तेव्हा त्यांच्या जादूगारांकडून काय अपेक्षा ठेवणार! सहाव्या पुस्तकात तर कहर झाला. बिल वीझली हा ग्रिंगॉट्सचा नोकर. तो हॅरीच्या तिजोरीतून परस्पर पैसे काढतो आणि घरी आणून त्याच्या हातात देतो, कारण काय, तर बँकेत हल्ली फार वेळ लागतो. ना सही, ना स्लिप. बाबांनी पुस्तक मिटून त्याला जागच्या जागी सस्पेंड केला. व्होल्डेमॉर्टबद्दल त्यांचं विशेष काही मत नाही. तो बँकेत येत नाही.

आईने पहिला भाग मराठीत वाचला, ‘हॅरी पॉटर आणि परीस’. तिचं भांडण पेट्युनियाशी. माय मरो आणि मावशी जगो, असं जिथे म्हणतात तिथल्या बाईला जिन्याखालच्या कपाटात भाच्याला झोपवणारी मावशी कशी पचावी? “सख्ख्या बहिणीचं लेकरू, आणि त्याला स्वतःच्या पोराचे, डडलीचे, जुने कपडे?” तसे मोठ्या भावाचे उतरलेले कपडे घालून आमच्या घराण्यात दोन पिढ्या मोठ्या झाल्या, पण ते मी बोलले नाही. आईने सातही पुस्तकं नेटाने संपवली ती केवळ मावशीला कधी उपरती होते हे पाहायला. सातव्यात घर सोडून जाताना पेट्युनिया दारात थबकते, भाच्याकडे वळून बघते, काहीतरी बोलेल असं वाटतं, आणि मान झटकून निघून जाते. झालं. एवढंच. तेव्हापासून आईचं म्हणणं एकच आहे: “काहीतरी बोलायचं होतं गं तिला.” जगात त्या पुस्तकावर जे काही लिहिलं गेलं असेल त्यात इतकी बारकाईने वाचलेली ओळ मला तरी दिसलेली नाही. तरी आई स्वतःला वाचकांत धरत नाही, कारण मधल्या लढाया तिने गाळल्या आहेत.

समोरच्या ब्लॉकमधल्या बाई निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी पहिल्याच पुस्तकाच्या शेवटी लाल शेरा मारला. प्रसंग वार्षिक मेजवानीचा. शाळेतल्या गटांच्या स्पर्धेत स्लिदरिन ४७२ गुणांनी पहिले, ग्रिफिंडर ३१२ वर तळाला. हॉल स्लिदरिनच्या हिरव्या-रुपेरी रंगांनी सजलेला. आणि ऐन वेळी हेडमास्तर डम्बलडोर उठतात: रॉनला पन्नास, हर्मायनीला पन्नास, हॅरीला साठ. झाली बरोबरी. मग नेव्हिलला दहा! टाळी वाजते आणि पताकांचे रंगही बदलतात.

“फळ्यावर निकाल लागल्यानंतर गुणवाढ?” बाईंचा आवाज अजूनही दुसऱ्या मजल्यापर्यंत जातो. “आणि द्यायचीच होती तर आदल्या दिवशी द्यायची. मुलांनी हॉल सजवल्यावर त्यांच्यादेखत पताका उतरवायच्या? माझ्या शाळेत असं केलं असतं तर पालक गेटवर आले असते.”

चिरंजीव पक्का ग्रिफिंडरवाला, तो बाईंशी अर्धा तास भांडला. वर्षभर बाईंच्या समोर आवाज न काढणारं पोर त्या दिवशी मुद्देसूद बोलत होतं, हे बघून बाईंनी जाताना मला बाजूला घेऊन सांगितलं, की निबंधाच्या उत्तराची तयारी छान चालली आहे.

एक गोष्ट मात्र मला या सगळ्यात फार आवडते. जादूबद्दल कोणाचीच तक्रार नाही! कांडीतून उजेड पडतो, मान्य. माणसाचं मांजर होतं, होऊ द्या. आक्षेप आहे तो कारभारावर.

साहेबाच्या देशात आणि अमेरिकेत मोठमोठ्यांनी घेतलेले आक्षेप याहून फार वेगळे आहेत असं नाही. २००० साली हॅरल्ड ब्लूम या जाडजूड समीक्षकाने वॉल स्ट्रीट जर्नलमध्ये पहिल्या पुस्तकातले घासून गुळगुळीत झालेले वाक्प्रचार वेचून दाखवले आणि खपाचा आकडा चुकू शकतो असं बजावलं. प्राध्यापक होते, वही तपासली. अर्सुला ले गुईन यांनी १९६८ सालीच रोक बेटावरच्या जादूगारांच्या शाळेत एका पोराला घालून फार देखणी कादंबरी लिहिली होती. त्यांना पॉटरची शैली बेताची आणि वृत्ती जरा कोती वाटली. गल्लीत पहिलं दुकान ज्याने टाकलं त्याला शेवटच्या दुकानापुढची रांग बघून काय वाटतं, ते मी समजू शकते. ले गुईन यांचं मत मला पटतं, आणि पॉटर मी पुन्हा वाचते. या दोन गोष्टी माझ्यात गुण्यागोविंदाने नांदतात.

पण सगळ्यात परिणामकारक मत दिलं ते एका आठ वर्षांच्या मुलीने. बारा प्रकाशकांनी परत पाठवलेलं हस्तलिखित ब्लूम्सबरीच्या अध्यक्षांनी घरी नेलं आणि पहिलं प्रकरण लेकीला वाचायला दिलं. तिने पुढचं मागितलं. १९९७ च्या जूनमध्ये पुस्तक आलं तेव्हा पक्क्या बांधणीच्या प्रती काढल्या अवघ्या ५००. लेकीवर बापाचा विश्वास होता, पण बेताचा. पुढे त्याच प्रकाशकाने मोठ्या माणसांसाठी गंभीर मुखपृष्ठाची वेगळी आवृत्ती काढली. आतला मजकूर तोच. लोकल गाडीत पोरांचं पुस्तक उघडायला लाजणारा माणूस लंडनातही असतो, हे वाचून मला बरं वाटलं.

खरी पंचाईत होते ती पाचव्या पुस्तकात. २००३ साली हे ७६६ पानी धूड आलं तेव्हा वाचकांनी एका सुरात कुरकुर केली, की हॅरी फार चिडतो. सारखा खेकसतो, मित्रांवर ओरडतो, कोणाचं ऐकत नाही. मी तेव्हा कॉलेजात होते आणि मलाही तो किरकिरा वाटला होता. आता ते पुस्तक मी दहावीतल्या मुलाची आई म्हणून वाचते. पंधरा वर्षांचा मुलगा, मोठी माणसं त्याला काही सांगत नाहीत, आणि वर्षाच्या शेवटी ओ.डब्ल्यू.एल. नावाची परीक्षा. ही त्यांची दहावीच. हर्मायनी सगळ्यांची अभ्यासाची वेळापत्रकं रंगवून देते. कोणी ती पाळत नाही. यात अद्भुत काय आहे मला कळत नाही. दाराच्या पलीकडून मला हे रोज ऐकू येतं. आता माझा जीव रॉनच्या आईत, मिसेस वीझलीत अडकतो. तिच्या घरातल्या घड्याळाला प्रत्येक माणसाचा एक काटा असतो आणि कोण कुठे आहे ते तो दाखवतो. कोणी एक जादू देणार असेल तर मला कांडी नको, झाडू नको, ते घड्याळ द्या. चिरंजीवांना हे सांगितलं तर म्हणाला, “त्यासाठीच तर मी लोकेशन बंद ठेवतो.”

शेवटचं मत वहिनीचं. दादाने एकही पुस्तक वाचलेलं नाही आणि तरी तो “पोरखेळ” म्हणून मोकळा होतो. वहिनीने सातही वाचली, गप्प राहिली, आणि गेल्या रविवारी जेवताना एकदम बोलली. विषय होता एकोणीस वर्षांनंतरचा शेवटचा प्रसंग. हॅरी आणि जिनीची तीन मुलं: जेम्स सिरियस, अल्बस सेव्हरस, लिली ल्यूना.

“जेम्स कोण? सासरा. लिली? सासू. सिरियस नवऱ्याचा गॉडफादर. उरलेले दोघे नवऱ्याचे मास्तर आणि एक मैत्रीण. जिनीचा सख्खा भाऊ फ्रेड लढाईत गेला. त्याचं नाव? तीन मुलांची सहा नावं, आणि त्यात माहेरचं एक नाही.”

आमच्या भाच्याला आमच्या आजोबांचं नाव आहे, भाचीला आमच्या आत्याचं. दोन्ही नावं आमच्याच घरात ठरली होती, आणि बारशाला ती बाळांच्या कानात मीच सांगितली होती. दादा ताटातली कोशिंबीर नीट लावू लागला. बाबांनी बँकेचा विषय काढून पाहिला, पण जमला नाही.

“नशीब, हॅरीला बहीण तरी नव्हती,” माझ्या पानात आमटी वाढत वहिनी म्हणाली. “आत्या नसताना ही गत!”