फाइव्ह पॉइंट वन नाना

भुसावळात माणूस रिटायर होतो तो बहुधा तीनपैकी एका ठिकाणाहून: रेल्वे, ऑर्डनन्स फॅक्टरी, नाहीतर दीपनगरचं वीज केंद्र. ऑर्डनन्सवाले फ्लॅट घेऊन सकाळी फिरायला लागतात. दीपनगरवाले मुलाकडे पुण्याला जातात आणि महिन्याभरात कंटाळून परत येतात. रेल्वेवाल्याचं मात्र काही सांगता येत नाही. त्यातही जो मेल ड्रायव्हर म्हणून उतरला, त्याच्या हातात फंडाचे पैसे पडले की घरच्यांनी सावध राहावं. हजारभर माणसं पाठीमागे झोपवून ज्याने रात्रीच्या रात्री जागून काढल्या, त्याला घरातली चार माणसं पुरत नाहीत. तो त्यांच्यासाठी टॉकीज काढतो.

आमच्या गल्लीतले नाना याच वाणाचे. घर आजोबांच्या वेळचं, धाब्याचं. हातभराहून जाड मातीच्या भिंती, सागवानी खांब, वर कड्या, कड्यांवर किलचन आणि त्यावर खाऱ्या मातीचा थर. बाहेर वैशाखात पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला तरी माजघरात फरशीवर आडवं पडलं की डुलकी लागते. पोरांनी किती वेळा सांगितलं, पाडा आणि स्लॅब टाका. नाना म्हणाले, “स्लॅबमधी काय राह्यतं? भट्टी राह्यते.” आणि मग त्याच माजघरात त्यांनी प्रोजेक्टर, पाच स्पीकर आणि एक सबवूफर आणून ठेवला.

जळगावहून बसवायला आलेला पोरगा हुशार होता. त्याने माजघरात मधोमध उभं राहून टाळी वाजवली आणि कान देऊन ऐकलं. काहीच आलं नाही. पुन्हा वाजवली. सिमेंटच्या खोलीत टाळी चारदा परत येते, इथे मातीने गिळली होती. “नाना, याच्यासाठी लोक फोमचे पैसे मोजतात,” तो म्हणाला. नानांनी हे वाक्य त्यानंतर गल्लीतल्या प्रत्येक माणसाला ऐकवलं आहे, दूधवाल्यालासुद्धा.

पण ज्या मातीने आवाज गिळला, तिने स्क्रूचे फिशरही गिळले. भोक पाडलं की स्क्रू आत फिरत राहायचा आणि बाहेर भुसा यायचा तो भिंतीचा. शेवटी स्पीकर खांबांवर आले. जुन्या सागाने दोन बिटं मोडली, मग तोही नरमला. मागचे दोन स्पीकर देवळ्यांत बसले. त्यातल्या एका देवळीतल्या देवाला हलवायला नानींनी साफ नकार दिला, म्हणून उजवा स्पीकर आणि बाळकृष्ण आता शेजारी नांदतात. पडदा लागला तोही नेमका असा, की मधला खांब पहिल्या रांगेतल्या दोघांच्या आणि हिरोच्या मध्ये येतो. नाना त्या दोन जागांना ‘थर्ड क्लास’ म्हणतात आणि तिथे जावयाला बसवतात.

सबवूफर कुठे ठेवायचा, यावर मात्र बरीच बैठक झाली. धान्याचं बळद कित्येक वर्षं रिकामं होतं, म्हणून तो आत ठेवून बघितला. तर सिनेमा राहिला बाजूला, अख्खं बळदच गुरगुरायला लागलं. पोराने समजावलं की चाळीस हर्ट्झच्या आवाजाची एक लाट साडेआठ मीटर लांब असते, ती अशा खोक्यात मावत नाही. नाना म्हणाले, “साडेआठ मीटर? म्हंजे आपल्या माजघराच्या भाईर गेली ना भो!” गेलीच. पहिल्याच रात्री ‘शोले’ लागला. १९७५ साली सत्तर एमएम आणि स्टीरिओफोनिक आवाजात आलेला हा सिनेमा नानांना आता कुठे खरा ऐकायला मिळणार होता. ट्रेनवर दरोडा पडला, सबवूफरने दम भरला आणि किलचनातून माती झरायला लागली. थेट शेवभाजीच्या पातेल्यात. “अहो, बंद करा ते, घर उतरून रायलं खाली!” नानी ओरडल्या. नाना ट्रेनच ऐकत होते.

खरी गोष्ट अशी, की नानांना सिनेमाचं फार काही नाही. ते सिनेमा चालवतात. सगळे रिमोट त्यांच्या ड्यूटीवरच्या जुन्या पेटीत, लाइन बॉक्समध्ये, कुलपात असतात. नऊ म्हणजे नऊ, राइट टाइम. इंजिनात ड्रायव्हर आणि असिस्टंट एकमेकांना सिग्नल मोठ्याने बोलून दाखवतात, तीच शिस्त इथेही.

“प्रोजेक्टर!” नाना बोट दाखवून पुकारतात.

“प्रोजेक्टर चालू!” नातवाने तसंच बोट दाखवून म्हणायचं. न म्हटलं तर सिनेमा सुटत नाही.

नानांचा आवडता सिनेमा ‘द बर्निंग ट्रेन’, १९८०चा. दिल्लीहून मुंबईला निघालेल्या गाडीचे व्हॅक्यूम ब्रेक कोणीतरी काढून टाकतं, यावर नाना दर वेळी नव्याने भडकतात. “निघायच्या आधी ब्रेक पाह्यला नाही? ड्रायव्हर झोपला होता का?” आणि मग ठरलेला निवाडा: “आपल्या लाइनीने आली असती तर भुसावळले थांबवली असती.” कशी, ते विचारायचं नाही.

बायाबापड्या मे महिन्यात दुपारच्या खेळाला गर्दी करतात, ती गारव्यासाठी. केळीचे वेफर पुढे घेऊन बसतात आणि पहिल्या गाण्यालाच घोरतात. नानांना त्याचं दुःख नाही, प्रवासी झोपले म्हणजे गाडी नीट चालली. मध्येच खरी मालगाडी खडखडत गेली तर ते सिनेमा थांबवतात, कान टवकारतात. “वॅग-नाईन. लोड आहे,” म्हणतात आणि मग पुढे चालू करतात.

हल्ली त्यांच्या डोक्यात ॲटमॉस शिरलंय. २०१२ साली आलेली ही पद्धत, आवाज डोक्यावरूनही येतो, म्हणजे स्पीकर छतात. नानींनी सांगून टाकलं, “पह्यले धाब्यावर माती टाका, पावसाळा आला. मंग काय टांगायचं ते टांगा.” नानांनी निमूट खाऱ्या मातीची ट्रॉली सांगितली. ती ओट्यापुढे उलटली तेव्हा दारं-खिडक्या हादरल्या. नाना धावत बाहेर आले, ट्रॉलीवाल्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “आता याले म्हणतात बास. अजून एक ट्रॉली लागंल, उद्या रात्री नवाले आणशील?”